दिवा बघण्यापुरता महाल

लोणारच्या देवीचा दिवा आपल्या गच्चीवरून दिसावा, अशी मेहकरच्या कंचनीची इच्छा होती. तेवढ्यासाठी तिने महाल बांधायला काढला. राहायला घर तिला असणारच, नाचगाण्याच्या बैठकीलाही जागा असणार. हा महाल निव्वळ बघण्यासाठी होता. त्याच्या पडक्या भिंती मेहकरला अजून दाखवतात, आणि भिंतींपेक्षा मजबूत राहिलेली ही कथाही सांगतात. कंचनी नर्तकी होती, यावर सगळ्यांचे एकमत आहे. ती कोणाच्या पदरी होती, पैसा कोणी पुरवला, मजले किती चढले, हे मात्र सांगणाऱ्यावर अवलंबून. सांगणारा जितका म्हातारा तितके मजले जास्त. शेवट बहुतेकांचा सारखाच: देवी कोपली, काम अर्धवट राहिले आणि कंचनीची शिळा झाली.

लहानपणी ही कथा ऐकली तेव्हापासून माझी शंका एकच आहे. देवीला राग आला कशाचा? बाईला देवळातला दिवाच तर बघायचा होता. रोज उठून लोणारला जायचे तर वाट लांबची, मध्ये रान. घरबसल्या दर्शन व्हावे असे कोणाला वाटत नाही? हल्ली शेगावची आरती लोक मोबाइलवर बघतात, अंथरुणातून हात जोडतात, आणि कोणाची शिळा झाल्याचे ऐकिवात नाही.

शंका आली की कागद-पेन्सिल घेऊन बसायची मला खोड आहे, तेव्हा कंचनीच्या वतीने हिशेब मांडून पाहिला. लोणारच्या या देवीचे, म्हणजे कमळजादेवीचे, देऊळ काही टेकडीवर नाही. ते सरोवराच्या काठाशी, म्हणजे विवराच्या अगदी तळाला आहे. उल्का आदळून झालेले हे विवर वरून सुमारे १.८ किलोमीटर रुंद आणि काठापासून तळापर्यंत सुमारे १३७ मीटर खोल. मेहकरहून लोणार सरळ रेषेत वीसेक किलोमीटर. आता देऊळ मेहकरच्या बाजूपासून होता होईल तितके लांब, पार पलीकडच्या टोकाला आहे असे कंचनीच्या सोयीने धरले, तरी अलीकडच्या काठावरून नजर खाली उतरवायला मेहकरला दीड किलोमीटरहून उंच महाल हवा. पृथ्वी गोल असल्याचे तीसेक मीटर वेगळे. दुबईचा बुर्ज खलिफा ८२८ मीटर आहे. तसे दोन एकावर एक रचले असते तर कंचनीचे काम झाले असते.

झाले असते म्हणजे नजर पोचली असती. दिवा दिसला नसताच. मेणबत्तीची ज्योत काळ्याकुट्ट रात्री नुसत्या डोळ्यांना साधारण अडीच किलोमीटरपर्यंत दिसते, असे २०१५ साली दोघा अमेरिकन संशोधकांनी ताऱ्यांच्या तेजाशी तुलना करून काढले आहे. देवीपुढची समई फार तर दोन-चार मेणबत्त्यांच्या तोडीची. तेव्हा देवीने एवढे रागावण्याचे काही कारणच नव्हते. भूमितीने आणि तेलवातीने मिळून तो महाल परस्पर हाणून पाडला असता.

हे कंचनीला कोणी सांगितले नसेल का? नसेलच. काम चालू असताना मालकाला असला हिशेब ऐकवणे कुठल्याच काळातल्या मिस्त्रीला परवडत नाही.

गंमत अशी, की नेमका हाच प्रयोग इंग्लंडात एका बाईने केला आणि तो साधला. लेडी कॉव्हेन्ट्री यांचे घर वूस्टरकडे. तिथून सुमारे २२ मैलांवर ब्रॉडवे गावची टेकडी. त्या टेकडीवर जाळ पेटवला तर तो आपल्या घरातून दिसेल का, असे बाईंच्या मनात आले. जाळ पेटवला, तो दिसला, आणि बाई खूश झाल्या. मग टेकडीवर जेम्स वायट या नामांकित वास्तुकाराकडून १७९८-९९ मध्ये ६५ फूट उंचीचा बुरूज बांधून घेतला. त्याला राहण्याचा, लढण्याचा, धान्य साठवण्याचा असा काही उद्देश नव्हता. घरातून तो दिसावा आणि त्याच्यावरून मुलूख दिसावा, एवढेच. पुढे विल्यम मॉरिससारखा कलावंत तिथे मित्रांसह सुट्टीला राहून गेला. आज लोक तिकीट काढून वर चढतात. कंचनीपेक्षा दीडपटीहून जास्त अंतर असून बाई जिंकल्या त्या एका शहाणपणामुळे: त्यांनी दिवा टेकडीवर ठेवला. कंचनीने तो खड्ड्यात शोधला. शिवाय त्यांच्याकडे देवी नव्हती.

असल्या बिनकामाच्या वास्तूंना तिकडे फॉली म्हणतात, आणि अठराव्या शतकात तिथल्या जमीनदारांना त्यांचे वेड लागले होते. बागेत नवे कोरे पडके किल्ले बांधायचे. बुरूज पूर्ण करण्याऐवजी मिस्त्रीला सांगायचे, इथवर आण आणि इथून ढासळलेला दाखव. फ्रान्सच्या राणीने, मारी आंत्वानेतने, व्हर्सायच्या बागेत १७८३ पासून एक आख्खे खेडेच उभारले. गवती छपरे, तळे, दुधाची डेअरी, सगळे होते. घरे नवी दिसू नयेत म्हणून भिंतींवर रंगाऱ्याकडून भेगा काढून घेतल्या होत्या. हे वाचले तेव्हा मला आमच्या बुलढाणा जिल्ह्याचा पहिल्यांदा खरा अभिमान वाटला. आमच्याकडे काळ्या मातीवर घर बांधा, माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि दोन-तीन वर्षांत अशा अस्सल भेगा पडतात की राणीने रंगारी काढून टाकून गाडी भरून माती नेली असती.

इंग्रजांनी तर बागेतल्या झोपडीसाठी साधूही नोकरीला ठेवला. सरे परगण्यात पेन्सहिल म्हणून बाग आहे. तिच्या मालकाने, चार्ल्स हॅमिल्टनने, झाडाझुडपांत एक मठी बांधली आणि तिच्यात राहायला माणूस शोधला. अटी सांगतात त्या अशा: सात वर्षे तिथेच राहायचे, केस-नखे कापायची नाहीत, कोणाशी बोलायचे नाही, मुदत पुरी केली तर ७०० गिनी. माणूस मिळाला. तीन आठवड्यांत तो गावच्या दारूच्या गुत्त्यात सापडला आणि नोकरी गेली. शेगावकरांना यात नवल वाटणार नाही. मठी आधी आणि महाराज नंतर हा क्रमच मुळात चुकीचा. गजानन महाराज १८७८ साली कोणाच्या बोलावण्यावाचून शेगावात प्रकट झाले, आणि पगाराचा विषय कोणी काढला नाही.

त्यातल्या त्यात मला आवडतात त्या ब्रिस्टलजवळच्या ब्लेझ हॅम्लेटच्या झोपड्या. १८११ च्या सुमारास जॉन नॅशने त्या एका सावकारासाठी बांधल्या. एकूण नऊ, पैकी एकीसारखी दुसरी नाही. छपरे झुकलेली, पडव्या मुरडलेल्या आणि विटांची धुराडी अशी नक्षीदार की खाली चूल नसती तरी चालले असते. पण तिथे राहायला दिले कोणाला, तर इस्टेटीवरच्या म्हाताऱ्या झालेल्या नोकरांना. म्हणजे चित्र मालकाचे, ऊब नोकरांची. वेडेपणा करायचा तर असा करावा.

आपल्याकडे हौस अशी उघड सांगायची सोय नाही. तिला आधी कोणाच्या तरी नावावर चढवावे लागते. देवाच्या, पाण्याच्या, संरक्षणाच्या, नाहीतर आईच्या. मुंबई विद्यापीठाच्या घड्याळाच्या मनोऱ्याला प्रेमचंद रायचंद या कापसाच्या व्यापाऱ्याने पैसा दिला, मनोरा १८७८ मध्ये पुरा झाला. ८५ मीटरचा तो गॉथिक थाट बघून कोणी काही म्हणण्याआधीच सांगून टाकायची सोय आहे: आई आंधळी, जैन धर्म पाळणारी, सूर्यास्ताआधी जेवायची, तिला वेळ कळावी म्हणून घंटा. त्या माउलीचे नाव राजाबाई, तेच मनोऱ्याला. घरात पाच वाजले हे सांगायला एक नात पुरली असती, असे म्हणायची कोणाची छाती नाही.

सिंदखेडराजाला हे फार देखणे बघायला मिळते. लखुजी जाधवांचे गाव, जिजाऊंचे जन्मस्थान. १२ जानेवारीला तिथे पाय ठेवायला जागा नसते. राजवाड्याच्या भव्य दरवाज्यापुढे उभे राहून फोटो काढला की बहुतेक लोक परततात. त्यांनी थोडे पुढे जावे. मोती तलावाचा बांध पाहावा. काम काय, तर पाणी अडवणे. त्याला चार दगड आणि चुना पुरे. पण पुढली बाजू उभारली आहे किल्ल्याच्या तटासारखी, आणि खालच्या अंगाला बसण्या-उठण्याची जागा. आत पाणी आणि बाहेर दिमाख. त्या तटाकडे मी पाहत राहतो तेव्हा मला बांधणाऱ्याचा चेहरा दिसतो. शेतीला पाणी हवे असे दरबारात सांगितले, आणि मनात होता तो तट बांधून घेतला.

चांदणी तलावाची कथा आणखी पुढची. तळ्याच्या मधोमध तीन मजली इमारत. होडीतून जायचे, वर चढायचे, पाणी बघायचे. मला कोणी सांगावे, पाणी बघायला तीन मजले कशाला? एका मजल्यावरून दिसते तेच पाणी तिसऱ्यावरून दिसते. फरक एवढाच, की तिसऱ्यावरून ते आपले वाटते. माझा आपला तर्क आहे. लखुजीराव निजामशाहीतले मातब्बर सरदार. अहमदनगरला तळ्याच्या मध्यभागी बांधलेला फराहबाग महाल १५८३ मध्ये पुरा झाला होता. बांधकाम सुलतानाला पसंत न पडून पुन्हा करवले, असे तिथले सांगतात. राजधानीत पाण्यातला महाल पाहून आल्यावर गावाकडे जाधवांच्या घरात काय बोलणे झाले असेल, याची कल्पना ज्याने पुण्यातल्या साडूचे घर पाहून चिखलीत बांधकाम काढले आहे त्याला सहज येईल.

अशा एका बांधकामाला मी होतो. आमच्या नात्यातल्या काकांनी निवृत्तीचे पैसे आले तसे घाटावर एक घर काढले. खाली दोन खोल्या, वर दोन, मागे धुण्याची मोरी. सगळे ठरल्याप्रमाणे चालले होते. स्लॅब पडला, आणि मिस्त्री कागदावर नखाने रेघ ओढत म्हणाला,

“काका, आता समोरून एक गोल काढू.”

“गोल कायले?”

“एलिव्हेशन. त्याच्याबिगर घराले शो येत नाही.”

काकूंनी विचारले, “गोल म्हंजे बाल्कनी का? मंग तिथं खुर्ची टाकता येईन.”

“नाही न काकू. ते शोचं आहे. तिथं उभं राह्याचं नाही.”

काकांनी दोन दिवस नाही म्हटले. तिसऱ्या दिवशी ते समोरच्या रस्त्यावर उभे राहून आपल्या घराकडे डोके तिरके करून बघताना दिसले, तेव्हा मी ओळखले की गोल निघणार. निघाला. त्याच्यावर स्टीलचे रेलिंग, रेलिंगवर पितळी गोळे, आणि वर एक छोटी घुमटी, जिच्यात कबुतरसुद्धा वाकून शिरते. एलिव्हेशनचे पैसे वेगळे लागले. ते कुठून आणले हे काकांनी काकूंना अजून सांगितलेले नाही, आणि काकूंना माहीत नाही असे काकांना वाटते.

वास्तुशांतीला आलेल्या पाहुण्यांत एक सडेतोड गृहस्थ होते. त्यांनी जेवता जेवता विचारले, “काका, थे वरचं गोल कशाचं?” काकांनी क्षणभरही न थांबता सांगितले, “हवा येते.” मागची भिंत सलग आहे, त्या गोलातून घरात झुळूकसुद्धा येऊ शकत नाही. पण मघाशी म्हटले ते हेच. राजाबाईंच्या मनोऱ्याला आई, मोती तलावाला शेती, काकांच्या गोलाला हवा.

पुढच्या उन्हाळ्यात गेलो तेव्हा काकूंनी त्या गोलावर कुरडया वाळत घातल्या होत्या. उभे राहायचे नाही अशा त्या जागेत बाजूच्या खिडकीतून हात लांब करून जुने धोतर अंथरलेले, चारी कोपऱ्यांना दगड, आणि पितळी गोळ्यांवर सांडग्यांचे डबे उलटे टांगलेले. दोन्ही मजल्यांत इतके चांगले ऊन दुसरीकडे नाही, असे काकूंनी मला शेजारणीसमोर ऐकवले. इंग्रज जमीनदारांच्या फॉली दोन-दोन शतके निरुपयोगी राहिल्या याचे कारण मला तिथे कळले. त्यांच्या घरात कुरडया करत नसत.

आता पुन्हा मेहकरला यायला हरकत नाही, कारण देवी का कोपली ते मला कुरडयांनंतरच सुचले. कंचनीनेही निमित्तच पुढे केले होते. दिवा हे निमित्त. तिला हवी होती उंची. आयुष्यभर लोकांनी बैठकीवरून, तक्क्याला टेकून तिला पाहिले. एकदा आपण वर उभे राहावे आणि खालचे सगळे आपण पाहावे, ही तिची खरी मागणी. बुलढाणा जिल्ह्यात तिने ती मांडावी हेही ओघानेच आले. जिथला जगप्रसिद्ध देखावा म्हणजे एक खड्डा, तिथे कोणाला तरी वर चढावेसे वाटणारच. देवी ती देवीच. तिला निमित्त आणि मागणी यांतला फरक कळला असेल. माणसांना कळत नाही, म्हणून काकांची हवा खपून गेली.

कळल्यावर कोपायचे मात्र कारण नव्हते. तळ्यात तीन मजले चढवणाऱ्याला शाप नाही, पाण्यातला महाल पसंत नाही म्हणून दुसरा बांधवणाऱ्यालाही नाही. पुरुषाला उंचीची हाव सुटली की त्याच्या नावाची कोनशिला बसते. बाईला सुटली की तिचीच शिळा होते. कथा रचणारे कोण होते हे वेगळे सांगायला नको.

कंचनीची बाजू घेणारा अखेर मेहकरलाच निघाला, आणि तो वकील होता. ना. घ. देशपांडे. जन्म १९०९ चा, मेहकर तालुक्यातला. वकिली मेहकरात, कविताही मेहकरातच. त्यांची ‘शीळ’ ही कविता जी. एन. जोशींच्या आवाजात तीसच्या दशकात ध्वनिमुद्रिकेवर आली आणि मराठी भावगीताची सुरुवात सांगताना आजही तिचे नाव घेतात. ‘खूणगाठी’ला १९८६ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. पुण्या-मुंबईला जाऊन राहिले असते तर त्यांचे नाव याहून मोठे झाले असते, असे म्हणणारे भेटतात, तेही एलिव्हेशनवालेच. या माणसाने ‘कंचनीचा महाल’ लिहिला. अर्धवट राहिलेल्या, कामाच्या नसलेल्या, कोणी वारस नसलेल्या बांधकामाचा ताबा शेवटी कवीकडे जातो, आणि त्याबद्दल महसूल खात्याची तक्रार नसते.

समृद्धी महामार्गाने लोणारला जाणारे बरेच जण हल्ली मेहकरला उतरतात. शारंगधर बालाजीचे दर्शन घेतात, आणि घ्यावेच. १८८८ साली सापडलेली ती काळ्या पाषाणातली भव्य मूर्ती बघून मान वर करावी लागते. तिथून लगेच गाडी लोणारच्या रस्त्याला लागते. ती तशी लावू नका. देवळाबाहेर कोणालाही कंचनीचा महाल विचारा. “तिथं काही नाही पाह्यासारखं,” असे तो आधी सांगेल आणि मग रस्ताही सांगेल. जा. पडक्या भिंती आहेत, पायाखाली बघून चाला, दगड उचलू नका, नावे कोरू नका. आणि बरोबर कोणी मुलगी असेल तर तिला कथा शेवटपर्यंत सांगायची सक्ती नाही. महाल बांधायला काढला इथपर्यंत सांगितली तरी पुरे.